टीमच्या आतला फॉर्म

मुलाखतीला आलेला उमेदवार रिसेप्शनच्या सोफ्यावर एकटाच अवघडून बसला होता. समोरच्या काचेच्या केबिनचं दार उघडं. आत एचआरचे साहेब आणि आज नोकरी सोडून निघालेल्या मॅडम, दोघंही एकाच स्क्रीनपुढे. डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार?

“मॅडम, तुमचा राजीनाम्याचा फॉर्म सेव्हच होत नाहीये. सिस्टीम तुम्हीच बांधलीत, जाता जाता बघा ना जरा.”

“म्हणजे माझा खड्डा मीच खणू? सरका. हे बघा, कर्मचाऱ्याचा फॉर्म त्याच्या टीमच्या आत बसवलाय. इथे टीमचा आयडीच रिकामा येतोय. टीमच सापडत नाही, तर सेव्ह होणार कुठे?”

“टीम ना? ती कालच डिलीट केली.”

“डिलीट? अहो, माझ्या टीममध्ये अजून चौघं आहेत!”

“हो, म्हणजे... वरून आलं तसं.”

“मी गेले की पोरांना हात लावणार नाही म्हणाला होतात. त्या शब्दावर मी राजीनामा दिला.”

“मी काय, हुकमाचा ताबेदार. फॉर्मचं तेवढं सांगा ना.”

“टीम परत टाका. मग होईल सेव्ह.”

“पाचही जणांचे फॉर्म?”

“पाचही. आधी माणसं काढायची असतात, साहेब, मग टीम. तुम्हाला घाई नडली.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग दाराशी येऊन हसतमुखाने विचारलं, “चला, मुलाखतीला कोण आलंय?”

सोफ्यावरून कोणीच उठलं नाही.