अंगठ्याला न लागलेली रेघ

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा हं. लबाडी करणारा माणूस भितो कोणाला? पोलिसाला? अहो, पोलिसाचं काय, आज आहे उद्या बदली! मग कोणाला? थांबा, लगेच माना डोलवू नका. आधी ऐका.

दाभोळला भार्गवराव पोंक्षे नावाचे निवृत्त मास्तर. नाद कसला? तर जुनी अमेरिकन सेंटं, म्हणजे तिकडचे पैसे, जमवायचा! तांब्याची, आपल्या ढब्बू पैशाएवढी, वर बाईचं मस्तक. त्या काळी साचे हातानं कोरायचे, म्हणून एकाच सालच्या दोन नाण्यांत बाईच्या केसांची बट निराळी. मास्तर भिंग लावून तासन्‌तास त्या बाईचे केस बघायचे — आणि घरची बाई म्हणायची, कधी माझ्याकडेही बघा हो!

हसलात? हसून घ्या. पुढे हसू यायचं नाही.

त्यांचे स्नेही इब्राहिम मुकादम. वडील बोटीवर खलाशी, त्यांनी आणलेलं एक सेंट मुकादमांनी दाखवायला आणलं. मास्तरांनी भिंग लावलं, आणि बघतात तो काय? बाईच्या गालावर उठून आलेली बारीक रेघ! साच्याला तडा गेला की अशी रेघ उठते. अशी नाणी फार थोडी.

मास्तर म्हणाले काय? "साधंच आहे हो मुकादम. माझं एक घ्या, हे मला द्या."

"तुम्हाला आवडलं ना? मग ठेवा," मुकादम म्हणाले.

झालं! नाणं मिळालं आणि झोप गेली. कोणाला दाखवायची सोय नाही. कडी वाजली की नाणं आधी खिशात. तांदळाच्या डब्यात लपवलं, तर बायको भात टाकायला उठली तरी हे आधी धावतात!

अशी काही वर्षं गेली, आणि एके सकाळी निरोप आला — "दुपारी येतो. वडिलांचं नाणं एकदा हातात घ्यायचंय." — मुकादम.

मास्तरांना वाटलं, कळलं याला! आता गावभर छी थू होणार! काय करावं? रेघच नसली तर? मग नाणं साधंच होतं ना!

जुन्या तांब्याला हे नाणी जमवणारे लोक ओलं फडकंसुद्धा लावत नाहीत, मंडळी; घासलं की मोल गेलं. त्या माणसानं चिंच घेतली, विटेची भुकटी घेतली, आणि घास घास घासलं. कान दाराकडे. रेघ गेली. नाणं देवघरातल्या पळीसारखं लखलखलं.

मुकादम आले, सुनेचा हात धरून. डोळ्यांनी आता दिसत नव्हतं. नाणं घेतलं, त्याच्यावरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"मास्तर, हे माझं नाही. माझ्या नाण्यावर रेघ आहे, अंगठ्याला लागते. लहानपणापासून तिच्यावरूनच ओळखतो. तसली फार नसतात, हेही ठाऊक होतं मला. घरी ठेवलं तर कोणीतरी चिंचेनं घासेल. तुम्ही तेवढं घासायचे नाहीत, म्हणून तर तुम्हाला दिलं. आणा ना माझं."

आणि हात पुढे करून बसले.

पकडायला कोणी आलंच नव्हतं, मंडळी. मास्तर म्हणाले, "मुकादम... तेच आहे ते."

मुकादमांनी नाणं चटईवर ठेवलं, सुनेचा हात धरला, उठले.

पेटीवाले, थांबा जरा, सूर नको आत्ता. तुमच्या तांदळाच्या डब्यात कोणाचं काय आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारत नाही. एवढंच सांगतो, चिंच भिजत घालायच्या आधी नेऊन द्या.