हुक कुठं अडकवायचा

दुबईतल्या अल कुसैसच्या थांब्यावर दत्तप्रसाद बसच्या रांगेत उभा होता. कान मात्र पुढच्या दोघांकडे होते. दोघंही स्कॅफोल्डिंगवरचे, गावाहून कालच परतलेला भिवा आणि त्याचा सोबती सुजीत.

"मग, तू नेलेला सेफ्टी बेल्ट बाबांना आवडला?" सुजीतनं विचारलं.

"आवडला की! भातात डुकरं घुसतात म्हणून आंब्यावर मचाण बांधून बसतात ना ते. पहिल्याच दिवशी ऐटीत बेल्ट घातला आणि हुक अडकवला मचाणाला."

"अरे देवा! खोडाला नाही?"

"नाही ना! सुंभ तुटलं, मचाण खाली आणि बाबा मचाणासकट. नशीब, खाली पेंढा रचलेला होता."

"लागलं?"

"खरचटलंसुद्धा नाही. मी नव्या दोरानं मचाण आवळलं. म्हटलं, हुक खोडाला, डोक्याच्या वर, बसायच्या आधी. तर म्हणतात, चाळीस वर्षं झाडावर चढतोय, तू मला शिकवू नकोस."

"म्हणजे खलास!"

"खलास कसलं? आईला शिकवून आलोय. ती भाकरी घेऊन खाली उभी राहते. हुक खोडाला दिसला, की मगच भाकरीची टोपली वरून सोडलेल्या दोरीला बांधते."