उतारावरची गाडी

भाची : बॉनेट गरम आहे, मामा.

मामा : उन्हानं.

भाची : ऊन अजून भिंतीपलीकडे आहे. मी यायच्या आधी चालू केली होतीस ना?

मामा : जरा जागी केली. बघायला येणार म्हटल्यावर तोंड धुवायला नको?

भाची : मला तिचं तोंड नाही बघायचं. थंड इंजिन कसं उठतं ते बघायचं होतं.

मामा : कसं उठतं विचारतेस? एकदा हिला बंद करून मी घरात जेवायला बसलो, तर ही आपली आपण दारापर्यंत आली. हाक मारायला!

भाची : उतार होता.

मामा : माया होती.

भाची : नेहमी उतारावरच का लावतोस? वर अंगणात एवढी सपाट जागा पडलीय.

मामा : तिथं तुझी मामी कपडे वाळत घालते.

भाची : मामी म्हणते, चाकाखालचा तो दगड रोज हलवून तुझं कंबरडं मोडलंय. स्टार्टर गेलाय का?

मामा : स्टार्टर आहे की.

भाची : चालतो का, ते विचारलं.

मामा : मर्जी असली की चालतो.

भाची : मामा, गंमत पुरे. कारखान्यानं स्वतःच्या गाड्या विकल्या. इतकी वर्षं मी त्यांचा बर्फ त्यांच्या गाडीतून नेला, आता ज्याची गाडी त्याला काम. सोमवारी पहिली फेरी. घाट चढायचा, पलीकडे मासळीबाजारात माल उतरवायचा. अध्येमध्ये बंद पडली तर बर्फाचं पाणी आणि माझ्या कामाचंही पाणी. शिवाय माझी पोरगी रोज बाजूला बसणार आहे. तिची शाळा त्याच रस्त्यावर.

मामा : अगं, ही घाटातलीच गाडी! एकदा मागून पाऊस आला. मी दाबली. पायथ्याला पोचलो तेव्हा पुढची काच कोरडी ठणठणीत आणि मागचा फाळका ओलाचिंब!

भाची : हं. ऑइलची पट्टी दे इकडे. काळं आहे, पण दुधाळ नाही. म्हणजे आत पाणी जात नाही. हे बरंय. खाली चासीला नवा काळा रंग कशासाठी?

मामा : तुला शोभून दिसावी म्हणून.

भाची : स्क्रूड्रायव्हर दे. टोचून बघते.

मामा : हळू गं, पोट फाडशील तिचं!

भाची : लोखंड शाबूत आहे. मग रंगवलीस कशाला? गंज लपवायला रंगवतात लोक.

मामा : लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून तर रंगवली. असतं तर हात लावला असता का?

भाची : पुढचं डावं टायर आतून खाल्लंय.

मामा : ती जरा डावीकडे ओढते. मी उजवीकडे धरतो. मिटलं.

भाची : आणि हे ड्रायव्हरकडचं दार?

मामा : ते बाहेरून उघडत नाही. डावीकडून चढ, सरकत ये. मी तसाच चढतो.

भाची : चावी आण. मी चालवते, तू बाजूला बस.

मामा : दगड काढतो आणि उडी मारून चढतो. दुसऱ्यात टाक, क्लच दाबून धर. सुटली की सोड. हां! बघ, कशी उठली! म्हटलं नव्हतं?

भाची : इंजिन गोड आहे. धूर?

मामा : आरशात बघ. धुराचा पत्ताच नाही. अगं, जरा हळू. पुढे वळण आहे.

भाची : हळूच करतेय. मामा... मामा, पेडल खाली गेलं!

मामा : दाब!

भाची : दाबलंय! पार तळाला टेकलंय!

मामा : सोड आणि परत दाब! परत! हँडब्रेक!

भाची : ओढलाय, नुसताच हातात येतोय! भिंत आली!

मामा : खडीचा ढीग! उजवीकडे, ढिगावर घाल!

(गाडी खडीत रुतून थांबते. इंजिन बंद.)

मामा : लागलं का तुला?

भाची : नाही. तुझा पाय काय करत होता?

मामा : कुठला पाय?

भाची : उजवा. तुझ्या बाजूला पेडल नाही, तरी पत्र्यावर धडाधड आपटत होतास. तुला ठाऊक होतं.

मामा : शपथ घेऊन सांगतो, ब्रेक चांगले आहेत! काल संध्याकाळी बाजारातून आलो की. कुठं आपटलो का?

भाची : बस इकडे. चावी फिरव.

मामा : लागली बघ! स्टार्टरची मर्जी...

भाची : गप्प. मागे घे. आता सपाटीवरून त्या झाडापर्यंत, माणूस चालेल एवढ्याच वेगात. थांबव.

मामा : थांबली. बोल!

भाची : कितीदा दाबलास?

मामा : एकदा.

भाची : पुन्हा चालव. थांबवताना खाली बघ. समोरचं मी बघते.

मामा : हे बघ. थांबवतो. एक... अरे.

भाची : मामा?

मामा : हा पाय आपला आपणच हलतोय गं. दाबतो, सोडतो, परत दाबतो.

भाची : कधीपासून?

मामा : देवाला ठाऊक. मला वाटायचं, मी एकदाच दाबतो.

भाची : ब्रेक रोज थोडा थोडा बिघडत गेला आणि पाय शिकत गेला.

मामा : परवा तुझ्या मामीला घाटातून आणलं. ती भांडत होती. मी तिच्याकडे तोंड करून... हा पाय चुकला असता तर?

भाची : नको बोलूस. आणखी काय काय सवयीनं करतोस ते सांग. गोष्ट नको.

मामा : दुसरा गिअर टाकण्याआधी जरा थांबतो. पाऊस आला की गाणं म्हणतो.

भाची : गाणं कशाला?

मामा : वायपर सुरू व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात एक कडवं होतं.

भाची : इंजिन चांगलं, चासी चांगली. गाडी मी घेते. पण इथून ती ओढून मिस्त्रीकडे जाईल. ब्रेक, हँडब्रेक, स्टार्टर, सगळं नीट झाल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही.

मामा : सोमवारपर्यंत नाही झालं तर? काम दुसऱ्याला जाईल.

भाची : जाईल. बाजूला पोरगी बसणार आहे, मामा.

मामा : ओढून नको गं. सगळी गल्ली बघेल. मी हळूहळू नेतो.

भाची : चावी.

मामा : घे. मामीला यातलं काही सांगू नकोस.

भाची : मी नाही सांगणार. तूच सांग.

मामा : काय सांगू?

भाची : जे आहे तेच. तिखटमीठ न लावता.

मामा : तिला खरंच वाटायचं नाही गं.