टॉपकोटमधला खडा

सकाळी आठ वाजता तपासणी केंद्राची खिडकी उघडली. रक्त द्यायला उपाशीपोटी आलेले मास्तर रांगेत उभे होते. त्यांच्या पुढे दोघी जावा कुजबुजत होत्या.

“ताई, रागावू नका. बाबांचा मुतखडा सापडला.”

“देव पावला! कुठे?”

“माझ्या टॉपकोटमध्ये.”

“कशात?”

“नेलपॉलिशवर चमक यायला लावतात ना, ते. बाटली अर्धी झाली की आत हवा राहते आणि ते मधासारखं घट्ट होतं. म्हणून मी त्यात माशांच्या टाकीतले बारीक खडे टाकते. पातळी वर येते, हवेला जागाच उरत नाही.”

“आणि बाबांचा खडा?”

“टाकीशेजारी डबीत होता. मला वाटलं, माशांचाच असेल.”

“धन्य आहे बाई तुझी! तो तपासल्याशिवाय डॉक्टर पथ्य ठरवणार नाहीत. तोवर बाबा नुसत्या दुधीवर जगताहेत.”

“येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते हो, पदक असल्यासारखा. आता निदान चकाकेल तरी.”

“दात काढू नकोस. हो पुढे.”

खिडकीतल्या बाईंनी बाटली उजेडात धरली.

“हे काय?”

“मुतखडा.”

“पेशंट बाई की पुरुष?”

“सासरे,” दोघी एकदम म्हणाल्या.

मास्तर रक्त देऊन बाहेर आले, तेव्हा आतून निरोप आला होता. बाटलीतून दहाबारा खडे निघाले होते, सगळे सारखेच चकचकीत. त्यातला सासऱ्यांचा कोणता, ते ओळखायला घरच्या कोणीतरी आत यायचं होतं.

“ताई, तुम्ही जा. तुम्ही मोठ्या.”