आठव्यांदा तुटली वादी

अश्लेषा : बघा, मावशी. कातड्याच्या वाद्यांची ही आठवी वेणी. काल पूर्ण केली, आज बॅगेला पट्टा म्हणून लावली, आणि मूर्तिजापूरच्या स्टँडवर बॅग माझ्या पायावर पडली.

जमुना : दे इकडं. चारही पदर एकाच जागी गेले वं.

अश्लेषा : जागा कुठलीही चालते त्यांना. दोन महिने झाले. तुमच्या ओट्यावर बसून विणते तेव्हा दगड टांगला तरी धरते, आणि त्याच कातड्याची वादी अमरावतीला नेली की पापडासारखी मोडते. माझ्या हातातच दोष असेल तर तसं सांगून टाका. वाईट नाही वाटणार मला.

जमुना : वाईट तं तुले वाटूनच राहिलं. चेहरा पाय आरशात.

अश्लेषा : वाटणारच. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी हातानं काही केलं नाही. आजोबा याज्ञिकी करायचे, बाबा वकील, मी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. सगळे तोंडाचेच धंदे. एक गोष्ट स्वतःच्या हातानं नीट करून बघायची, एवढंच मनात होतं. त्यासाठी रविवारचा रविवार अकोल्याची बस धरते. आणि एका बॅगेचा पट्टा होत नाही माझ्याच्यानं.

जमुना : तुह्या हातात दोष नाई. वेनी पाय कशी बसली, पदराले पदर लागून. इतकी घट्ट तं माही सूनई नाई घालत. दोष मालात हाय.

अश्लेषा : मालात म्हणजे?

जमुना : माह्या कातड्यात. चुना जास्त झाला असंन, नाई तं उन्हात जास्त राह्यलं असंन. वय झालं आता, पोरी. मालक गेले तवापासून बकऱ्याचं कातडं मीच चुन्यात घालते, मीच खरडते, मीच वादी कापते. इतक्या सालात कोनी तुटकी वादी घेऊन दाराशी नाई आलं. अन् तू आठ डाव आली.

अश्लेषा : पण तुम्ही स्वतः विणलेली तर टिकते.

जमुना : माही बोटं जुनी हायेत. कच्च्या वादीलेई सांभाळून घेतात. दुसऱ्याच्या हातात तुटते तं माल खोटाच म्हनायचा. म्हून तं मंगळवारी चंद्रभानले नाई म्हनलं.

अश्लेषा : कोण चंद्रभान?

जमुना : जठारपेठेतला ढोलवाला. गनपतीच्या आधी नऊ ढोलांच्या वाद्या दर साली माह्याकडूनच नेते. मी म्हनलं, बापा, यंदा दुसरीकडं पाय, माहं कातडं बिघडलं. ऐन मिरवणुकीत ढोल ढिला पडला तं नाव माहं जाईन.

अश्लेषा : माझ्या एका पट्ट्यावरून तुम्ही नऊ ढोलांचं काम सोडलं?

जमुना : एका नाई. तवापावतर सात. उरला माल होता, सहा कातडी, थोई फेकला.

अश्लेषा : थांबा, मावशी, असं नका सांगू. माझी वही बघू आपण. मी एकूण एक लिहून ठेवलंय, मिनिटांसकट. ऐका. वादी साध्या पाण्यात दोन तास. पिळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवणे. सकाळी वाकवून पाहणे. मग वेणी. सावलीत वाळवणे, वाळल्यावर तेलाचा हात.

जमुना : बराबर हाय. मी सांगतलं तसंच हाय.

अश्लेषा : मग मी कुठं चुकून राहिले? प्रयोगशाळेत एखाद्या मुलाचं आठ वेळा असं झालं असतं तर मीच त्याला म्हटलं असतं, काहीतरी लपवतोयस तू.

जमुना : वही ठेव बाजूले. वहीतलं नको, तुहं सांग. अठून वादी घेऊन निंगाली, अमरावतीले उतरली, घरी गेली. मंग काय करतं?

अश्लेषा : काही नाही. मागच्या दारानं आत जाते.

जमुना : मागच्या काहून?

अश्लेषा : पुढून गेलं की देवघर लागतं. असू द्या ते. मागच्या दारानं सरळ न्हाणीघरात. तिथं वादी धुऊन घेते, मग साध्या पाण्यात दोन तास...

जमुना : धुऊन? मी तं धुऊनच देते. अन् वहीत धुनं नाई वाचलं तू.

अश्लेषा : ती पायरी नाही ना, मावशी. नुसतं धुणं ते. बाजारातून भाजी आणली की धुतोच आपण, कुणी लिहून ठेवतं का.

जमुना : कोन्त्या पान्यानं धुतं?

अश्लेषा : गिझरच्या.

जमुना : कढत?

अश्लेषा : हात घालवत नाही एवढं. त्यात जंतुनाशकाची दोन झाकणं.

जमुना : किती वेळ?

अश्लेषा : अर्धा तास. वास जाईपर्यंत.

(जमुना तुटलेला पट्टा ओट्यावर ठेवते.)

अश्लेषा : मावशी?

जमुना : सुताराचा सरस पाह्यला असंन तुमी, मॅडम. थो कशाचा करतात?

अश्लेषा : कातड्याचा. कातडं पाण्यात उकळून... अरे देवा. मी हे शिकवते, मावशी. दरवर्षी फळ्यावर लिहून शिकवते.

जमुना : फळ्यावर शिकवता, अन् घरी माहं कातडं शिजवता. वरून वादी दिसते, आतून शिजून गेली. वाळली का काच.

अश्लेषा : मला सुचलंच नाही.

जमुना : सुचलं नाई थे राहू द्या. एक डाव इचारलं असतं. मावशी, मी धुते बरं का, इतकंच. मी दोन महिने माह्या हाताले कोसून राहिली. चुना जिभेवर ठेवून पाह्यला का यालेच तं काही झालं नाई.

अश्लेषा : मॅडम नका ना म्हणू.

जमुना : मंग काय म्हनू?

अश्लेषा : मी तसलं काही मानत नाही. तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडे चहा पिते मी, जेवलेय सुद्धा.

जमुना : आजपावतर कितीक घरी जेवला असान तुमी. त्याहिले सांगता का, मी तुमच्या घरी जेवली म्हून?

अश्लेषा : नाही.

जमुना : अन् ह्या पायातल्या चपला. चामड्याच्या हायेत. दुकानातून आनल्या तवा गिझरखाली धरल्या होत्या?

अश्लेषा : नाही.

जमुना : वास तं नव्या चपलेलेई येते.

अश्लेषा : येतो. आत्ता मी आईचं नाव सांगणार होते, मावशी. पण आई त्या वेळी तिकडे फिरकतही नाही. नळ मीच सोडते. मला माझीच लाज वाटतेय.

जमुना : लाज वाटून मले काय भेटन? माहं गिऱ्हाईक गेलं, कातडी गेली. तुमच्या फोनवरून लावा चंद्रभानले. सांगा, जमुनाबाईचा माल चोख हाय.

अश्लेषा : मी सांगू?

जमुना : मी सांगतलं तं म्हनन, बुढी माल खपवून राहिली. तुमीच सांगा. काय झालं थे सारं सांगा.

अश्लेषा : नंबर द्या. हॅलो, चंद्रभानजी? मी अश्लेषा, अमरावतीची. जमुनामावशींकडे वेणी शिकते. कातडं बिघडलंय म्हणून त्यांनी तुम्हाला सांगितलं ना, ते बिघडलेलं नव्हतं. वाद्या माझ्याकडे तुटल्या. मी त्या कढत पाण्यात घालत होते. का म्हणजे... घरात घेण्याआधी धुवायच्या म्हणून. हो. तुम्ही समजलात तेच. हो. बरं, सांगते त्यांना.

जमुना : काय म्हने?

अश्लेषा : बघू म्हणाले.

जमुना : मॅडम, खरं सांगा.

अश्लेषा : नट-बोल्टचे ढोल घेतले त्यांनी. नऊच्या नऊ. बुधवारीच घेतले. आता वादीचं कामच पडणार नाही म्हणाले.

जमुना : बुधवारी. म्हंजे मी नाई म्हनल्याच्या दुसऱ्याच दिवशी.

अश्लेषा : मी काय करू, मावशी? तुम्ही म्हणाल ते करते. येऊ नको म्हणालात तर नाही येणार.

जमुना : येऊ नको म्हनलं तं तुहं बरं हाय. बसमधी बसशीन, घरी जाशीन, आठ दिवस जिवाले लागन, मंग दुसरा काही छंद धरशीन. अन् मी अठी ह्या मोडक्या वेनीकडं पाह्यत बसीन.

अश्लेषा : मग?

जमुना : त्या खुंटीवर वाद्यांची जुडी हाय. फेकाची राहून गेली. उतरव. आता घरी न्यायची नाई, भिजवाची अठी अन् वेनीबी अठी.

अश्लेषा : कशात भिजवू?

जमुना : थे रांजनाजवळची बादली घे. माही.

अश्लेषा : घेतली.

जमुना : पानी थंडं हाय. वादी टाक अन् हात आतच राहू दे. मी म्हनीन तवा काढजो.