दोनदा आलेली आत्या

या किश्श्याची तीन रूपं वंशावळी जमवणाऱ्या आपल्या मंडळींत फिरतात. परळीकडच्या रूपात विद्यार्थिनी नापास होते, माजलगावच्या रूपात परीक्षकच रागावून उठून जातात. मी सांगतो ते बीडचं. आता पाडलेल्या त्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत वंशावळींच्या ओढीनं मी स्वतः मागच्या बाकावर बसलो होतो, आणि तिथला उकाडासुद्धा मला अजून हवासा वाटतो.

उषाची संगणकशास्त्राच्या एम.एस्सी.ची तोंडी परीक्षा होती. विदासंचासाठी, म्हणजे संगणकात भरायच्या माहितीसाठी, तिनं स्वतःच्याच घराण्याची वंशावळ घेऊन ती झाडासारखी रचली होती, म्हणजे प्रत्येक माणूस एकाच फांदीवर, एकदाच.

बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "ही सखुबाई दोनदा आली आहे. एक नोंद काढा, नाहीतर मी उत्तीर्ण करणार नाही."

"कोनती काढू सर? एक माझी आत्या हाय, एक सासू."

"पण बाई एकच ना?"

"एकच. आत्याच्याच घरात दिलंय मला. आत्याला काढलं तर माहेर रुसंल, सासूला काढलं तर घरात कोन घेईल?"

तेवढ्यात लेकरू कडेवर घेऊन एक बाई दारात आल्या. "उषे, आटप की! लेकरू लई रडायलंय."

"या कोण?" परीक्षकांनी विचारलं.

"दोन्ही नोंदी, सर."

परीक्षक खळखळून हसले. "मग हे झाड नव्हेच, जाळं आहे. ठिपका एक, रेषा दोन. दुपारपर्यंत बदला."

सखुबाईंनी लेकरू व्हरांड्यात निजवलं. उषानं झाडाचं जाळं केलं आणि ती उत्तीर्ण झाली.