गठ्ठ्यावरचा पहिला हात

आमचं गाव शहाद्याकडचं, तापीच्या काठचं, अन् बघा, तीच तापी इथे सुरतेतही भेटते, म्हणून लग्नानंतर सुरतेच्या उधन्यात आले तर मला परकं काही वाटलं नाही. आमचे मालक लूमवर कामाला, मी घरी, मग मार्केटातल्या एका शेठकडून धागा कटिंगच्या साड्या आणायला लागले. म्हणजे काय, मशीनवर भरतकाम झालं का साडीच्या मागून धागे लोंबतात, ते कात्रीने बारीक कापायचे, बस, पण डोळे जातात ताई. रिक्षातून गठ्ठा मीच आणायची, पोचवायची मीच, डाग पडला तर शेठची बोलणी खायची मीच, अन् गल्लीतल्या पाच-सहा बायांना साड्या वाटायची. कुणाचा एक पैसा कापला नाही कधी, आमच्या कानबाई देवीची शपथ घेऊन सांगते.

फक्त एक होतं, गठ्ठा सोडला का पहिला हात माझा. हलक्या कामाच्या साड्या मी आधी काढून घ्यायची, उरलेल्या वाटायची. हलकी साडी दोन तासांत होते, अंगभर बुट्ट्यांची भारी साडी दिवस खाते, अन् भाव दोन्हीला एकच. मरमर करून आणतं कोण, मी आणते ना, मग एवढं चालतंच, असं मला वाटायचं, नाही, वाटायचंसुद्धा नाही, त्याचा विचारच कधी केला नाही.

मागल्या महिन्यात कॉलेजची एक पोरगी आली, कागद घेऊन, गरीब-श्रीमंतात एवढा फरक आहे तो तुम्हाला बरोबर वाटतो का, असं घरोघर विचारत. आम्ही सगळ्या ओट्यावर बसलेल्या, कात्र्या हातात. मी तर सुरूच झाले, काय सांगू तुम्हाला, शेठची गाडी, शेठच्या पोरीचं लग्न, अन् आमचा भाव वर्षानुवर्षं तोच, बोलायची सोय नाही, बोललं का उद्यापासून काम बंद. पोरगी लिहीत होती, मला लय बरं वाटत होतं.

मग तिने सिंधूला विचारलं, तुमच्यावर अन्याय कोण करतं. सिंधू माझ्या समोरच्या खोलीतली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या उशाशी बसलेली. ती खाली मान घालून धागे कापत होती, म्हणे शेठले मी कधी पाहेल नही, तो कसा शे माले काय माहीत, पन बठ्ठ्या भारी साड्या मना वाट्याले येतस. सगळ्या भारी साड्या तिच्याच वाट्याला, एवढंच बोलली, माझ्याकडे बघितलंही नाही. बाकीच्या बाया कात्र्या चालवत राहिल्या, एकीनेही म्हटलं नाही का नाही गं, तसं नाही. पोरीने तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी मी सिंधूच्या दारात गेले, रागानेच गेले, म्हटलं एवढी वर्षं गप्प बसलीस, मला एकदा सांगायचं होतंस. ती भाकरी थापत होती, म्हणे सांगीसन काय करू बहीन, तू काम बंद करी दिधं तं. मी उंबऱ्यातच बसले. बोललं का काम बंद, शेठबद्दल मी जे बोलले होते तेच हे, अन् ते ही बाई माझ्याबद्दल बोलते, माझं पोर आधी हातात घेणारी बाई मला भिते.

आता गठ्ठा मी सोडत नाही. सिंधूपुढे ठेवते अन् म्हणते तू सोड, पहिला हात तुझा. ती सोडते, साड्या वरखाली करते, अन् भारी साडीच स्वतःच्या मांडीवर ओढते, हलक्या माझ्याकडे सरकवते. अगं घे ना हलकी, तर म्हणे ऱ्हाऊ दे बहीन. मी तिच्या मांडीवरून साडी काढून घेते तर तिचे हात थांबतात, बघत राहते, का आपलं काय चुकलं. कानबाई तिचे डोळे शाबूत ठेवो, अन् मला तेवढं आयुष्य देवो, का तिने एक दिवस स्वतःहून हलकी उचललेली मी बघेन.